सर्व्हरच्या नावाची साक्ष

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहराच्या पश्चिमेला, खाम नदीपलीकडे वसलेल्या छावणीचा नागरी कारभार महानगरपालिकेऐवजी संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील छावणी परिषद पाहत आली आहे. देशभरातील अशा परिषदांच्या सेवा एकाच ठिकाणी आणणारे ‘ई-छावणी’ हे संकेतस्थळ १६ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाले. संरक्षण संपदा महानिदेशालय, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ई-गव्ह फाउंडेशन यांनी मिळून ते उभे केले. पाणीपट्टी भरणे, जन्म-मृत्यूचा दाखला काढणे, व्यापार परवाना घेणे, भाडेपट्ट्याचे नूतनीकरण करणे अशी कामे, ज्यांसाठी पूर्वी परिषदेच्या खिडकीपाशी उभे राहावे लागे, ती आता मोबाइलवरून होऊ शकतात. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला आपण योग्य कार्यालयात आलो आहोत हे इमारत, पाटी आणि समोरचा कर्मचारी पाहून कळते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र पाटी कोणालाही रंगवता येते, आणि म्हणूनच समोरचा सर्व्हर खरोखर त्याच नावाचा आहे याची साक्ष देणारी वेगळी व्यवस्था लागते. ही साक्ष म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्र, आणि लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर ते कसे मिळवले, बसवले व टिकवले जाते हा या प्रकरणाचा विषय आहे.

घरातून निघालेली माहिती सर्व्हरपर्यंत पोहोचेपर्यंत घरातला राउटर, इंटरनेट पुरवणारी कंपनी आणि वाटेतली अनेक केंद्रे यांतून जाते, आणि साध्या ‘एचटीटीपी’ पद्धतीत ती उघडी असल्यामुळे यांपैकी कोणालाही ती वाचता येते किंवा बदलताही येते. ‘एचटीटीपीएस’ या पद्धतीत हीच देवाणघेवाण ‘टीएलएस’ या सुरक्षित थरातून होते. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये ‘एसएसएल’ या नावाने आणलेल्या योजनेची टीएलएस ही सुधारित पुढची पिढी असून तिची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये प्रमाणित झाली, तर १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवण्यात आल्या. व्यवहारात अजूनही लोक ‘एसएसएल सर्टिफिकेट’ असेच म्हणतात, आणि त्याने काही बिघडत नाही. महत्त्वाचे हे की माहिती कूटबद्ध करणे हा संरक्षणाचा केवळ अर्धा भाग आहे. चुकीच्या सर्व्हरशी कितीही भक्कम कूटबद्ध संवाद साधला, तरी गुपित चोराच्याच हाती पडते. ओळख पटल्यानंतरच गुप्ततेला अर्थ येतो.

ओळख पटवण्याचे गणित किल्ल्यांच्या जोडीवर उभे आहे. सर्व्हरवर एकमेकींशी गणिती नाते असलेल्या दोन किल्ल्या तयार केल्या जातात, त्यांतली सार्वजनिक किल्ली जगाला देता येते आणि खासगी किल्ली सर्व्हरबाहेर कधीच जाऊ द्यायची नसते. खासगी किल्लीने केलेली डिजिटल स्वाक्षरी सार्वजनिक किल्लीने तपासता येते, पण सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. १९७७ मध्ये मांडली गेलेली ‘आरएसए’ ही पद्धत दीर्घकाळ सर्वत्र वापरली गेली, तर अलीकडे तितकीच सुरक्षितता कितीतरी लहान किल्लीने देणाऱ्या लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतीकडे कल आहे. प्रमाणपत्र ही मुळात एक लहानशी फाइल असते, आणि तिच्यात डोमेन नाव, त्या नावाच्या सर्व्हरची सार्वजनिक किल्ली, मुदतीचा आरंभ व शेवट, आणि हे सारे पडताळून पाहिल्याबद्दल एका प्रमाणन प्राधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असते. खासगी किल्ली या फाइलमध्ये नसते, त्यामुळे प्रमाणपत्र कोणी उतरवून घेतले तरी त्याला त्या सर्व्हरचे सोंग घेता येत नाही.

लिनक्सवर किल्ल्या तयार करण्याचे काम बहुधा ‘ओपनएसएसएल’ हे साधन करते. खासगी किल्लीच्या फाइलची मालकी ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे ठेवावी आणि तिची परवानगी ६०० असावी, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही ती वाचता येऊ नये, हा जुना आणि अजूनही पक्का नियम आहे. येथे नवख्या माणसाचा एक गोंधळ नेहमी होतो. डेबियन किंवा उबंटूवर अपाचे हा वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ नावाच्या कमी अधिकारांच्या वापरकर्त्याच्या नावे चालताना दिसतो, तेव्हा किल्ली वाचण्याची परवानगी त्या वापरकर्त्याला द्यायलाच हवी असे वाटते, आणि अनेक जण तशी देऊनही टाकतात. प्रत्यक्षात अपाचेची मूळ प्रक्रिया रूटच्या अधिकाराने सुरू होते, किल्ली वाचून घेते आणि त्यानंतर विनंत्या हाताळणाऱ्या उपप्रक्रिया कमी अधिकाराने चालवते. त्यामुळे ती जादा परवानगी कामाला येत नाहीच, उलट संकेतस्थळाच्या एखाद्या कच्च्या प्रोग्रामला किल्लीची फाइल उघडण्याची वाट मात्र मिळते. अर्थात फाइलवर पहारा ठेवूनही सर्व काही साधत नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषामुळे ओपनएसएसएलच्या काही आवृत्त्यांमधून सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत बाहेर वाचता येत होता, आणि त्यात खासगी किल्लीही सापडू शकत होती. म्हणून त्या काळात नुसते सॉफ्टवेअर सुधारून भागले नाही, तर किल्ल्या नव्याने तयार करून जुनी प्रमाणपत्रे रद्द करावी लागली.

प्रमाणपत्रावरची स्वाक्षरी ज्याची, त्याच्यावर ब्राउझरने विश्वास का ठेवावा, हा यापुढचा प्रश्न असून या संपूर्ण रचनेचा खरा भार तेथेच पडतो. प्रत्येक ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःबरोबर विश्वासार्ह मानलेल्या मूळ प्राधिकाऱ्यांची एक यादी बाळगते. मूळ प्राधिकारी आपली किल्ली सहसा इंटरनेटपासून पूर्ण तोडून कडेकोट ठेवतो आणि रोजच्या कामासाठी मधल्या प्रमाणपत्रांना अधिकार देतो, आणि ही मधली प्रमाणपत्रे सर्व्हरच्या प्रमाणपत्रांवर स्वाक्षरी करतात. सर्व्हरपासून मधल्या प्रमाणपत्रापर्यंत आणि तेथून यादीतल्या मुळापर्यंत कड्या जुळल्या, तरच ब्राउझर पुढे जातो. या साखळीची अडचण अशी की यादीतला कोणताही प्राधिकारी जगातल्या कोणत्याही नावाचे प्रमाणपत्र देऊ शकतो, म्हणून संपूर्ण व्यवस्था तिच्यातल्या सर्वांत ढिल्या कार्यालयाइतकीच भक्कम राहते. नेदरलँड्समधील ‘डिजिनोटार’ या प्राधिकाऱ्याच्या यंत्रणेत २०११ मध्ये घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र इराणमधील वापरकर्त्यांविरुद्ध वापरले गेले, आणि ब्राउझरांनी यादीतून काढून टाकल्यावर ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

भारताचा स्वतःचा अनुभवही इतकाच बोलका आहे, आणि मराठी वाचकांना तो कमी माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार केंद्र सरकारने प्रमाणन प्राधिकाऱ्यांचा नियंत्रक नेमला. त्याच्या अधिपत्याखाली भारताचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र तयार झाले आणि परवानाधारक संस्थांना त्याखाली प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार मिळाला. आयकराच्या विवरणपत्रांपासून ई-निविदांपर्यंत जी डिजिटल स्वाक्षरी चालते ती याच वृक्षाची फांदी आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र हेही त्या वेळी असे एक प्राधिकारी होते. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले की या केंद्राच्या मधल्या प्रमाणपत्रांखाली गूगलच्या काही डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. भारतीय मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजवरील बहुतेक कार्यक्रम या बनावट कागदांवर विश्वास ठेवू शकत होते. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असून तिच्यात हे मूळ नव्हते, म्हणून तो वाचला. नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, केंद्राची सर्व मधली प्रमाणपत्रे रद्द केली. केंद्राची प्रमाणपत्रे देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती आणि २५ जूनपासून चार चुकीची प्रमाणपत्रे निघाली, त्यांतली तीन गूगलच्या व एक याहूच्या नावाचे होते, असा निष्कर्ष नियंत्रकांच्या चौकशीतून पुढे आला. गूगलला मात्र त्याखेरीजही काही प्रमाणपत्रांची माहिती होती, म्हणून क्रोमने भारतीय मुळावरचा विश्वास ‘गव्ह डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’, ‘एसी डॉट इन’ यांसारख्या मोजक्या सात डोमेनांपुरता आखून दिला.

या प्रसंगातून निघणारा धडा एका संस्थेच्या हलगर्जीपणापुरता आटोपता घेता येत नाही. देशाच्या कायद्याने दिलेला अधिकार आणि जगभरच्या ब्राउझरांनी दिलेला विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. ती सतत लेखापरीक्षण करून, खुलेपणाने चुका कबूल करून मिळवावी लागते. बेंगळुरूच्या ‘ईमुद्रा’ या कंपनीने आपली ‘एमसाइन’ ही मूळ प्रमाणपत्रे प्रमुख ब्राउझरांच्या याद्यांमध्ये याच कष्टाच्या वाटेने नेली. दुसरी वाट स्वतःचा ब्राउझर उभारण्याची: केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय वेब ब्राउझर घडवण्याची जी स्पर्धा जाहीर केली, तिच्या अटींमध्ये नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्राला यादीत स्थान देणे ही एक अट होती, आणि मार्च २०२५ मध्ये तिचे पहिले पारितोषिक झोहोला मिळाले. परंतु यादी आपली असली, तरी तिच्यातल्या प्राधिकाऱ्यांवर नजर ठेवण्याचे काम उरतेच. त्यासाठी जगाने काढलेला उपाय अधिक टिकाऊ आहे. जून २०१३ मध्ये मसुदाबद्ध झालेल्या ‘सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी’ या पद्धतीत निघालेले प्रत्येक प्रमाणपत्र खोडता न येणाऱ्या सार्वजनिक नोंदवह्यांत चढवले जाते, आणि ३० एप्रिल २०१८ नंतर निघालेल्या प्रमाणपत्राची अशी नोंद नसेल तर क्रोम ते स्वीकारत नाही. आपल्या संस्थेच्या नावाने कोणी, कधी, किती प्रमाणपत्रे घेतली हे आता कोणत्याही लहान संस्थेला या नोंदवह्या चाळून पाहता येते. त्याच्या जोडीला डोमेनच्या नोंदींमध्ये ‘सीएए’ नावाची एक ओळ लिहून या नावाची प्रमाणपत्रे अमुक प्राधिकाऱ्यानेच द्यावीत असे बंधन घालता येते, आणि सप्टेंबर २०१७ पासून सर्व प्राधिकाऱ्यांना ती ओळ वाचणे सक्तीचे आहे. फुकटात मिळणारी ही दोन्ही संरक्षणे बहुतेक लहान संस्था वापरत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

पूर्वी प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे आणि त्यासाठी अर्ज, देयक व ईमेल यांचा फेरा असे, त्यामुळे शाळा, पतसंस्था, ग्रंथालये अशा ठिकाणी संकेतस्थळ उघड्या एचटीटीपीवरच राही. हे चित्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा प्राधिकाऱ्याने पालटले. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठ येथील लोकांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या उपक्रमाने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिले प्रमाणपत्र दिले आणि डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याचे खरे योगदान मात्र विनामूल्यतेपेक्षा स्वयंचलनात आहे. ‘अ‍ॅक्मे’ या नावाने मार्च २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या संवादपद्धतीमुळे सर्व्हर आणि प्राधिकारी माणसाच्या मदतीशिवाय आपापसांत हा व्यवहार पूर्ण करतात.

छावणीतील एखाद्या शाळेने उबंटूवर सर्व्हर उभा करून आपले नाव त्याच्या पत्त्याकडे वळवले आहे असे मानले, तर पुढे काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सर्व्हरवर बसवलेला ‘सर्टबॉट’ हा कार्यक्रम प्रथम लेट्स एन्क्रिप्टकडे खाते उघडतो आणि शाळेच्या नावाचे प्रमाणपत्र मागतो. प्राधिकारी उत्तरादाखल एक यादृच्छिक अक्षरमाला देतो, आणि सर्टबॉट ती खात्याच्या किल्लीच्या ठशाशी जोडून संकेतस्थळाच्या ‘वेल-नोन’ या ठरावीक फोल्डरखाली एका फाइलमध्ये ठेवतो. मग प्राधिकारी जगाच्या वेगवेगळ्या भागांतून, एकाच मार्गावर कोणी फसवाफसवी करत असेल तर ती उघडी पडावी म्हणून, त्या नावाच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर येऊन ती फाइल वाचतो. फाइल जुळली, तर ज्याने प्रमाणपत्र मागितले त्याच्या ताब्यात ते नाव आहे एवढे सिद्ध होते. त्यानंतर सर्टबॉट नवी किल्लीजोडी तयार करून सार्वजनिक किल्लीसह मागणीपत्र पाठवतो, आणि काही सेकंदांत स्वाक्षरी झालेले प्रमाणपत्र परत येते. खासगी किल्ली या सर्व प्रवासात शाळेच्या सर्व्हरवरच राहते. ४४३ या पोर्टवरच सेवा द्यायची असल्याने ८० बंद ठेवणे अधिक सुरक्षित, अशा समजुतीने अनेक जण फायरवॉलमध्ये ८० बंद करतात आणि मग पडताळणी का फसते ते त्यांना कळत नाही. ८० उघडे ठेवून त्यावर आलेल्याला एचटीटीपीएसकडे वळवणे हाच योग्य मार्ग आहे. सर्व्हर बाहेरून गाठताच येत नसेल, किंवा एका प्रमाणपत्रात सर्व उपनावे सामावून घ्यायची असतील, तर हीच पडताळणी डोमेनच्या नोंदीत एक मजकूर लिहून करता येते. प्रयोग करताना खऱ्या सेवेऐवजी प्राधिकाऱ्याची चाचणी सेवा वापरावी, कारण खऱ्या सेवेवर एकाच नावसंचाची प्रमाणपत्रे आठवड्याला पाचच मिळतात आणि चुका करता करता ती मर्यादा सहज संपते.

मिळालेल्या फाइल्स ‘लाइव्ह’ या फोल्डरमध्ये दिसतात, पण तेथे असतात ते केवळ ‘आर्काइव्ह’मधल्या ताज्या फाइल्सकडे बोट दाखवणारे दुवे; नूतनीकरण झाले की दुवे नव्या फाइलकडे वळतात. म्हणून वेब सर्व्हरच्या मांडणीत याच दुव्यांचा मार्ग लिहावा, त्यांची प्रत दुसरीकडे करून ठेवल्यास सर्व्हर जुन्याच प्रतीला चिकटून राहतो. चार फाइल्सपैकी ‘फुलचेन’ आणि ‘प्रायव्हकी’ या दोनच लागतात. फुलचेनमध्ये सर्व्हरच्या प्रमाणपत्राबरोबर मधले प्रमाणपत्रही असते, आणि तेच वगळून नुसते सर्व्हरचे प्रमाणपत्र बसवणे ही सर्वांत फसवी चूक आहे, कारण कार्यालयातल्या संगणकावरचा ब्राउझर मधली कडी स्वतः शोधून आणतो किंवा ती त्याने आधीच साठवलेली असते, त्यामुळे तेथे सारे ठीक दिसते, तर मोबाइल अ‍ॅप किंवा दुसरा लिनक्स सर्व्हर मात्र जोडणी नाकारतो. बदल केल्यावर अपाचे किंवा एनजिनएक्स यांची मांडणी आधी तपासून घेण्याची सोय त्यांच्यातच असते, आणि तपासणी निर्वेध झाली की सर्व्हर बंद न करता मांडणी पुन्हा वाचायला सांगता येते. ही पुन्हा वाचण्याची पायरी विसरता येत नाही, कारण चालू असलेली प्रक्रिया प्रमाणपत्र स्मृतीत धरून असते: डिस्कवर नवे प्रमाणपत्र येऊन पडलेले असते, नोंदींमध्ये ‘नूतनीकरण यशस्वी’ असे लिहिलेले असते, आणि लोकांना मात्र मुदत संपलेले जुने प्रमाणपत्र मिळत राहते. सर्टबॉटला नूतनीकरणानंतर चालवायची आज्ञा एकदा सांगून ठेवली की हा घोटाळा होत नाही.

प्रमाणपत्र नावाला बांधलेले असते, सर्व्हरच्या यंत्राला किंवा संस्थेला नव्हे, आणि या गोष्टीचे परिणाम या शहराइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसावेत. औरंगाबाद शहराच्या छत्रपती संभाजीनगर या नावाला केंद्राची मान्यता फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली, जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली आणि रेल्वे स्थानकाचे नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले. शहराचे नाव आपल्या डोमेनमध्ये असलेल्या संस्थेला नवे डोमेन घ्यायचे असेल, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्याकडे वळवले की झाले असे प्रथमदर्शनी वाटते. पण ब्राउझर जुन्या नावाने एचटीटीपीएस जोडणी मागतो तेव्हा आधी प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि वळवण्याची सूचना त्यानंतर येते. प्रमाणपत्रात केवळ नवे नाव असेल, तर वाचकाला मोठा इशारा दिसतो आणि ती सूचना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. एका प्रमाणपत्रात अनेक नावे लिहिण्याची सोय असते, तेव्हा जुने आणि नवे नाव, आणि दोन्हींची ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेली रूपे, सारी त्यात घालणे आवश्यक ठरते.

याहून गंभीर प्रश्न जुने डोमेन सोडून देण्याचा आहे. छापील पावत्या, शाळेचे दाखले, दुकानांच्या पाट्या आणि इतरांच्या संकेतस्थळांवरचे दुवे यांतून जुने नाव वर्षानुवर्षे जिवंत राहते. संस्थेने त्याचे नूतनीकरण थांबवले आणि ते नाव दुसऱ्या कोणी विकत घेतले, तर त्याला त्या नावाचे अगदी अस्सल प्रमाणपत्र मिळेल आणि ते देणाऱ्या प्राधिकाऱ्याची त्यात काहीच चूक नसेल, कारण हे नाव आज कोणाच्या ताब्यात आहे एवढेच तो पाहतो. काल ते कोणाचे होते आणि त्यावर कोणी विश्वास टाकला होता, हे पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. याच कारणाने प्रमाणपत्र असणे म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक असणे नव्हे, आणि फसवणुकीची संकेतस्थळेही आज सर्रास वैध प्रमाणपत्र घेऊन उभी असतात. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह काढून टाकले, ते लोक त्याचा अर्थ भलताच लावत होते म्हणून. सरकारी ‘गव्ह डॉट इन’ नावे खासगी व्यक्तीला मिळत नाहीत, त्यामुळे तेथे हा धोका कमी आहे. रिझर्व्ह बँकेनेही हाच विचार करून फक्त बँकांनाच मिळणारे ‘बँक डॉट इन’ हे डोमेन आणले आणि नागरी सहकारी बँकांसह सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जाण्यास सांगितले. नावाची पात्रता तपासणारा कोणी तरी मुळाशी असेल, तरच प्रमाणपत्राच्या साक्षीला संस्थेच्या ओळखीचे वजन येते.

देवनागरी नावांचीही येथेच नोंद घ्यावी लागेल. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे डोमेन सुरू झाले तेव्हापासून मराठीतून संपूर्ण पत्ता लिहिता येतो, पण इंटरनेटची नामव्यवस्था आणि प्रमाणपत्र यांच्यात तो ‘प्युनिकोड’ या सांकेतिक पद्धतीने रूपांतरित करून साठवला जातो, आणि त्यात ‘भारत’ या शब्दाचे रूप ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असे होते. लेट्स एन्क्रिप्टने अशा नावांना ऑक्टोबर २०१६ पासून प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. सर्व्हरच्या मांडणीत आणि सर्टबॉटला दिलेल्या आज्ञेत हेच रूपांतरित नाव लिहिले की अडचण येत नाही. मराठी संस्थांनी या सोयीचा इतका कमी उपयोग करावा याचे कोणतेही तांत्रिक कारण उरलेले नाही.

आता मुदतीचा प्रश्न. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे आरंभापासून सहसा ९० दिवसांची आहेत, तर विकत घेतलेल्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. एप्रिल २०२५ मध्ये प्राधिकारी आणि ब्राउझर यांच्या संयुक्त मंचाने ती टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा निर्णय घेतला: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस, शिवाय नावाची एकदा केलेली पडताळणी तेव्हा दहाच दिवस ग्राह्य धरली जाईल. किल्ली चोरीला गेली किंवा नाव हस्तांतरित झाले, तर चुकीची साक्ष जितक्या लवकर आपोआप मरेल तितके बरे, हा त्यामागचा विचार आहे, आणि रद्द केलेल्या प्रमाणपत्रांच्या याद्या ब्राउझर नेहमी पाहतातच असे नसल्याने तो योग्यही आहे. पण वर्षातून एकदा निविदा काढून ठेकेदाराकडून प्रमाणपत्र बसवून घेणाऱ्या कार्यालयांची पद्धत त्यामुळे निरुपयोगी होते. हाताने करायचे काम वर्षाला आठ-नऊ वेळा येऊ लागले की ते कधी तरी राहून जाणारच.

सर्टबॉटबरोबर येणारा वेळापत्रकी कार्यक्रम दिवसातून दोनदा जागा होऊन मुदत पाहतो आणि ती सरत आली की स्वतः नूतनीकरण करतो, परंतु तो गप्प राहून बंदही पडू शकतो: सर्व्हर नव्या यंत्रावर हलवताना तो मागे राहतो, फायरवॉलचा नियम बदलतो, डोमेनच्या नोंदी दुसऱ्या कंपनीकडे जातात. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून पाठवणे बंद केले आहे. एचटीटीपीएसखेरीज जोडणीच करू नये अशी सक्तीची सूचना, जी ‘एचएसटीएस’ नावाने ओळखली जाते, सर्व्हरने पूर्वी दिलेली असेल, तर प्रमाणपत्र संपताच वाचकाला इशारा ओलांडून आत जाण्याचीही वाट राहत नाही, म्हणून ही सूचना नूतनीकरण एक-दोनदा विनासायास पार पडलेले पाहूनच द्यावी. पाळत ठेवणारा कार्यक्रम त्याच सर्व्हरवर ठेवण्यात फारसा अर्थ नाही; तो दुसऱ्या यंत्रावरून, सामान्य वाचकाप्रमाणे ४४३ पोर्टवर येऊन, समोर प्रत्यक्ष दिले जाणारे प्रमाणपत्र किती दिवस चालेल ते पाहणारा हवा. आणि त्याचा इशारा ज्या ईमेलवर जातो, तसेच डोमेनची नोंदणी व प्राधिकाऱ्याकडचे खाते ज्या नावावर आहे, ते एखाद्या कर्मचाऱ्याचे किंवा ठेकेदाराचे वैयक्तिक नसून संस्थेतील पदाचे असावे, कारण छावणी परिषदेसारख्या कार्यालयात अधिकारी बदलून जातात, ठेके संपतात, आणि पासवर्ड सोबत घेऊन गेलेल्या माणसाला शोधण्याचे काम नेमके मुदत संपण्याच्या दिवशी सुरू होते.